सिग्मा आणि पाय बंधांतला फरक पाठ होतो, पण कळत नाही. तो समजून कसा घ्यावा?

तुम्ही विचारले आहे की, इथीनच्या रेणूत दोन कार्बनांमध्ये दोन सारख्याच रेघा काढतात, मग एकीला सिग्मा आणि दुसरीला पाय का म्हणायचे, आणि दुहेरी बंध एकेरी बंधाच्या दुप्पट बळकट का नसतो. मी नाशिकला अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र शिकवतो. माझ्या अनुभवात हा गोंधळ त्या रेघांपासूनच सुरू होतो, कारण कागदावर सारख्या दिसणाऱ्या त्या दोन रेघा इलेक्ट्रॉनांच्या दोन अगदी वेगळ्या मांडण्यांसाठी काढलेल्या असतात.

दोन्ही कार्बनांच्या केंद्रकांमधून जाणारी एक सरळ रेषा मनात धरा. तिला अक्ष म्हणू. सिग्मा बंधात दोन ऑर्बिटल, म्हणजे अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जास्त असलेले भाग, या अक्षावर समोरासमोर येऊन एकमेकांत मिसळतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनांची दाटी नेमकी दोन केंद्रकांच्या मध्ये होते आणि दोन्ही केंद्रके तिच्याकडे ओढली जातात. पाय बंधात मात्र अक्षाला काटकोनात उभी असलेली, डंबेलसारख्या आकाराची दोन पी ऑर्बिटल कडेकडेने मिसळतात. त्यांचे इलेक्ट्रॉन अक्षाच्या वर आणि खाली पसरतात आणि खुद्द अक्षावर त्यांची घनता शून्य असते. येथे एक चूक मी दरवर्षी पाहतो. वर एक ढग आणि खाली एक ढग, म्हणून मुले दोन पाय बंध मोजतात. प्रत्यक्षात ते दोन्ही ढग मिळून एकच बंध होतो आणि त्यात इलेक्ट्रॉनही दोनच असतात. म्हणून इथीनमध्ये पाच सिग्मा (चार कार्बन-हायड्रोजनचे आणि एक कार्बन-कार्बनचा) आणि एक पाय बंध असतो.

कडेने होणारी ही मिसळण कार्बनच्या बाबतीत तोकडी पडते. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ३४८ किलोज्यूल लागतात आणि दुहेरी बंध तोडायला सुमारे ६१४. वजाबाकी केली की पाय बंधाच्या वाट्याला साधारण २६६ उरतात. इथीन सोडल्यावर ब्रोमीनच्या पाण्याचा तांबूस रंग जातो, तेव्हाही पाय बंध तुटतो आणि सिग्मा शाबूत राहतो. मात्र ‘पाय बंध नेहमी दुबळा’ असा नियम करू नका. नायट्रोजनचा एकेरी बंध सुमारे १६० किलोज्यूलचा, तर एक सिग्मा आणि दोन पाय असलेला तिहेरी सुमारे ९४५ चा असतो; म्हणजे तेथे प्रत्येक पाय बंधाच्या वाट्याला सिग्मापेक्षा जास्त येते आणि हिशेब उलटा लागतो.

फेब्रुवारीत आमच्याकडे द्राक्षे भरपूर असतात, तेव्हा मी वर्गात दोन द्राक्षे एका टूथपिकने जोडून देतो. एक धरून दुसरे सहज फिरवता येते. पहिलीला समांतर अशी दुसरी टूथपिक खोचली की फिरणे थांबते; फिरवायचेच म्हटले तर साल फाटून रस बाहेर येतो. एकदा एका विद्यार्थिनीने म्हटले, “सर, पण दोन्ही काड्या तर सारख्याच आहेत.” तिचे बरोबर होते, आणि या नमुन्याची मर्यादा नेमकी तीच आहे. सिग्मा बंध अक्षाभोवती सर्व बाजूंनी सारखा असल्याने फिरवूनही तो तुटत नाही. कार्बनांमध्ये एकेरी बंध असलेल्या इथेनमध्ये त्यासाठी मोलमागे जेमतेम १२ किलोज्यूल पुरतात. पाय बंधात एक कार्बन काटकोनात वळवला की दोन्ही पी ऑर्बिटल एकमेकांना समांतर राहत नाहीत आणि बंधच उरत नाही. सिस (दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला गट असलेले) आणि ट्रान्स (विरुद्ध बाजूंना गट असलेले) ही रूपे वेगवेगळी टिकून राहतात ती यामुळे.

द्राक्षाच्या सालीत रेझव्हेरॅट्रॉल नावाचे संयुग असते. त्याच्या दोन वलयांना जोडणाऱ्या साखळीत एक कार्बन-कार्बन दुहेरी बंध असतो. त्याच्या ट्रान्स रूपावर अतिनील प्रकाश पडला की पाय बंधातला एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेच्या ऑर्बिटलमध्ये जातो, पकड सैल होते, रेणू शाबूत असलेल्या सिग्मा बंधाभोवती वळतो, आणि पाय बंध पुन्हा जुळतो तेव्हा काही रेणू सिस झालेले असतात.