वाचकांचे प्रश्न: ब्रिटनचा जोडीदार व्हिसा, अर्ज कधी भरावा?

प्रश्न: लग्न नाशिकला झालं, नोंदणीही झाली. नवरा ब्रिटिश नागरिक, लेस्टरला असतो. चार महिन्यांपूर्वी त्याने नोकरी बदलली. आधी वर्षाला 27,000 पाउंड होते, आता 32,000 आहेत. व्हिसासाठी जोडीदाराच्या किमान वार्षिक पगाराची अट 29,000 ची आहे, मग लगेच अर्ज भरू का? सासऱ्यांचा पगार दाखवता येईल का? पासपोर्टवर सासरचं नाव आधी लावून घ्यावं का?

उत्तर: अजून दोन महिने थांबा. एकाच ठिकाणी सहा महिने पूर्ण नसतील, तर आजचा पगार पुरेसा असून भागत नाही. गेल्या बारा महिन्यांची प्रत्यक्ष कमाईही 29,000 भरावी लागते. तुमचा हिशेब असा: जुन्या नोकरीचे आठ महिने 18,000, नव्या नोकरीचे चार महिने सुमारे 10,667. बेरीज 28,667, म्हणजे 333 पाउंड कमी. नव्या नोकरीला पाच महिने झाले की ती भरेल, पण बारा महिन्यांचे कागद आणि जुन्या कंपनीचं पत्र मागे लागेल. सहा महिने झाले की नव्या नोकरीच्या पगाराच्या सहा स्लिपांवर काम होतं. सासऱ्यांचा पगार सहसा जमेस धरत नाहीत, एकत्र राहत असले तरी.

अडतं ते बहुतेक कागदांपाशी. स्लिपवरचा हातात येणारा आकडा बँक स्टेटमेंटमध्ये तसाच जमा दिसायला हवा. ऑनलाइन अर्ज करून फी भरली की ती अर्जाची तारीख. शेवटची स्लिप आणि स्टेटमेंट त्याआधीच्या 28 दिवसांतलं हवं. कंपनीच्या पत्रात वार्षिक पगार, तो कधीपासून आणि नोकरी कायम की कराराची, हे स्पष्ट लिहून घ्या.

पासपोर्टला आत्ता हात लावू नका. व्हिसा माहेरच्या नावावरही मिळतो. इंग्रजीची परीक्षा आणि टीबीचा दाखला मात्र पासपोर्टवरच्याच नावाने घ्या. परीक्षा म्हणजे आयईएलटीएस लाइफ स्किल्स ए1. नेहमीची ॲकॅडेमिक आयईएलटीएस चालत नाही. इंग्रजी माध्यमातली पदवी असेल तर परदेशी पदव्या तपासणाऱ्या एक्टिस या ब्रिटिश संस्थेच्या पत्रावर परीक्षा टळते. टीबीची तपासणी ब्रिटनने मान्य केलेल्या केंद्रातच करा, शेवटी करा. दाखला सहाच महिने चालतो. विवाह नोंदणीचा दाखला नुसता मराठीत असेल तर भाषांतरावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, पत्ता हवा.

फीशिवाय तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार 3,105 पाउंड, तोही आगाऊ. व्हिसा 33 महिन्यांचा.

प्रश्न: साखरपुडा झालाय. तिकडे जाऊन लग्न केलं तर?

उत्तर: वाग्दत्त जोडीदाराचा व्हिसा सहा महिन्यांचा, त्यावर नोकरी करता येत नाही आणि लग्नानंतर पुन्हा अर्ज, पुन्हा फी. इथेच लग्न आणि नोंदणी होत असेल तर तो मार्ग नको.