आकडा आधी ऐकू नकोस

परवा फोनवर तू दोनदा म्हणालीस, "सर, दहा-पंधरा टक्के इकडंतिकडं चालतं असं सगळेच म्हणतात." सगळे म्हणतात हे खरं. तीन प्रामाणिक व्हॅल्युअर, म्हणजे आपल्यासारखे घराची किंमत ठरवून देणारे, एकाच फ्लॅटचे तीन आकडे काढतील हेही खरं. पण तुझं प्रकरण ते नाही. तू साइटवर पाऊल टाकायच्या आधीच लोन एजंटनं "92 लाखांपर्यंत बसवून द्या मॅडम" असं सांगितलं. तुझे निघाले 78. आणि आता तू, बाजार चांगला जाणणारी मुलगी, आपलंच काही चुकलं का म्हणून रात्रभर जागते आहेस.

ही शंका तुला आली, कारण तू तो आकडा ऐकलास. आकडा आधी ऐकू नकोस. या पत्रात हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

तू पाठवलेले कागद बघितले. इंडेक्स टूवर, म्हणजे दस्तनोंदणीच्या उताऱ्यावर, कारपेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र) 58 चौरस मीटर, म्हणजे साधारण 624 चौरस फूट. एजंटच्या तोंडी 870 सेलेबल, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून. कारपेटला 12,500 चा दर लावला की 78 लाख होतात, सेलेबलला 9,000 लावला तरी तेवढेच. दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी येतात, म्हणजे तुझं काम चोख आहे. पण डोक्यात 92 असले की माणूस शेजारच्या नव्या टॉवरचे व्यवहार काढतो. लिफ्ट, पार्किंग, क्लब हाउस यांचा फरक वजा करायचा तो अर्धाच करतो, सेलेबलला 10,600 चा दर धरतो आणि बरोब्बर 92 वर येऊन थांबतो. रिपोर्टातली एकही ओळ खोटी नसते. म्हणून तर हा प्रकार वाईट. खोटं लिहिताना निदान हात कापतो.

यात कुणाचं काय बिघडतं, असंही तू विचारलंस. त्याचा मला थोडा रागच आला. 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे घराच्या किमतीच्या 80 टक्के. 78 वर 62 लाख 40 हजार मिळतात, 92 वर 73 लाख 60 हजार. खरेदीचा करारही 92 चाच दाखवला की 78 च्या घरावर 94 टक्के कर्ज झालं. उद्या नोकरी गेली आणि घर विकायची वेळ आली, तर कर्ज घेणाऱ्या त्या जोडप्याच्या हातात काय उरणार? एजंटचं कमिशन तर केव्हाच खर्च झालेलं असेल.

आकडा नेहमी वरच ओढतात असंही समजू नकोस. साताऱ्याकडचे एक गृहस्थ माझ्याकडे एकाच वाड्याचे दोन रिपोर्ट मागायला आले होते. एक 1 एप्रिल 2001 च्या बाजारभावाचा (जुन्या मिळकतीची खरेदी किंमत म्हणून तो धरता येतो), भांडवली नफ्यावरचा कर कमी बसावा म्हणून चढा. दुसरा आजच्या भावाचा, पण उतरता, कारण त्यावरून बहिणीला हिस्सा देऊन हक्कसोडपत्र करून घ्यायचं होतं. बोलताना त्यांना जराही अवघडल्यासारखं झालं नाही. बहिणीचं नाव घेतलं तेही मायेनं. मी म्हटलं, दोन्ही रिपोर्ट करतो, पण आकडे माझे असतील. ते उठून गेले आणि दुसरीकडून काम करून आणलं. त्या बाईंना मी काही कळवू शकलो नाही. आलेल्या माणसाची गोष्ट बाहेर सांगायची नाही, हाही आपल्याच आचारसंहितेचा भाग. ते मला अजून सलतं. तरी आज ते पुन्हा आले तर मी तेच करीन.

नियम तुला सांगायची गरज नाही. नोंदणीकृत व्हॅल्युअरांसाठीच्या 2017 च्या नियमांतली आचारसंहिता तू परीक्षेसाठी पाठ केलीस. सोयीचं मूल्यांकन करू नये, काम झालं तरच फी असं ठरवू नये, सगळं त्यात आहे. पण तो कायदा रिपोर्ट हातात आल्यावर जागा होतो. आपलं माणूस बिघडतं ते त्याच्या खूप आधी, फोनवर, "साधारण किती अपेक्षित आहे?" असं स्वतःहून विचारतो तेव्हा. तो प्रश्न विचारूच नकोस. समोरचा सांगू लागला तर मध्येच थांबव. उद्धट म्हणतील, म्हणू देत.

मलाही म्हटलं. एका बँकेच्या पॅनेलवरून, म्हणजे व्हॅल्युअरांच्या यादीतून, माझं नाव गेलं; का ते तोंडीही सांगितलं नाही, नुसत्या फायली येणं बंद झालं. माझ्या हाताखाली शिकलेल्यांची ऑफिसं आज माझ्यापेक्षा मोठी आहेत. घरी यावरून बोलणी खाल्ली आणि ती रास्त होती, कारण मुलांच्या फीच्या वेळी ओढाताण झाली. पण कोर्टात उलटतपासणीला उभा राहिलो तेव्हा प्रत्येक आकड्याचा कागद माझ्या फायलीत होता, आणि वकिलाला बसून घ्यावं लागलं. हे मी मोठेपणा म्हणून सांगतो असं वाटलं तर वाटू दे. हट्ट महाग पडतो हे तुझ्यापासून लपवायचं नाही, एवढंच.

या फायलीत 92 कानावर पडलेतच, तेव्हा पुन्हा साइटवर जा. मंजूर नकाशा बरोबर ने, बंद केलेली बाल्कनी वेगळी मोज. त्याच सोसायटीतले गेल्या वर्षातले नोंदणी झालेले व्यवहार काढ, शेजारच्या टॉवरचे नकोत. एजंटनं काय सांगितलं ते तारखेसह फायलीत लिहून ठेव. मग जो येईल तो आकडा सही करून दे. 78 चे 80 झाले तर 80 लिही, 76 झाले तर 76.

मोजणीचा कच्चा कागद मला पाठव, मी तपासून देतो. आकडा मात्र मला सांगू नकोस.