कार्बन पकडायला नॉर्वेला यायचं म्हणताय, तर…

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर आहात. किल्नच्या, म्हणजे सिमेंटच्या भट्टीच्या, उष्णतेचा हिशोब ठेवणं आणि कोळसा वाचवणं हे तुमचं काम. ते सोडून कार्बन कॅप्चर शिकायला नॉर्वेला यावं का, असं विचारताय. कारण असं देताय की उत्सर्जन कमी करण्याचे दिवस संपले, आता धूर पकडून जमिनीत गाडण्याचा जमाना आहे.

याच, असं मी म्हणेन. फक्त ते कारण घेऊन येऊ नका.

मी राहते दक्षिण नॉर्वेतल्या पोर्सग्रुनमध्ये. ब्रेविकचा सिमेंट कारखाना याच नगरपालिकेच्या हद्दीत, फ्योर्डच्या काठावर आहे. जगात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सिमेंटच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायला सुरुवात झाली ती इथे, 2025 मध्ये. क्षमता वर्षाला 4 लाख टन. पकडलेला वायू थंड करून त्याचा द्रव करतात आणि जहाजाने बर्गनजवळच्या ओयगार्डनला नेतात. तिथून सुमारे 100 किलोमीटरच्या पाइपमधून तो समुद्राखाली जातो आणि तळापासून 2,600 मीटर खोल वालुकाश्मात सोडला जातो. तुम्हाला हे सगळं बघायला आवडेल यात शंका नाही.

पण तुमच्यासारख्या माणसाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. त्या कारखान्यातून जेवढा कार्बन बाहेर पडतो त्याच्या साधारण निम्माच पकडायचा, असं का ठरलं? उत्तर तुमच्या रोजच्या कामात आहे. अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणाने वायू शोषून घेतला, की तो पुन्हा सोडवून घ्यायला द्रावण उकळावं लागतं, आणि त्याला टनामागे तीन-चार गिगाज्यूल उष्णता खर्ची पडते. ब्रेविकने ही उष्णता मुख्यतः किल्नच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून काढली. ती जेवढी होती, तेवढंच पकडणं परवडलं. आपल्याकडे बऱ्याच कारखान्यांत हीच उष्णता वेस्ट हीट रिकव्हरी लावून विजेसाठी आधीच वापरली जाते. मग उद्या कॅप्चर बसवायचं ठरलं तर वाफ आणायची कुठून? जास्तीचा कोळसा जाळून? म्हणजे ज्याने आधी इंधन आणि क्लिंकर (भट्टीत भाजून निघणारा सिमेंटचा मुख्य घटक) कमी केलं, त्याचंच कॅप्चरचं यंत्र लहान आणि स्वस्त होणार. तुम्ही ज्याला जुनं काम म्हणताय, ती नव्या कामाची पहिली पायरी आहे.

आता थोडा आकड्यांचा हिशोब. जग जीवाश्म इंधनं आणि सिमेंटमधून वर्षाला सुमारे 3,700 कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतं, म्हणजे तासाला 42 लाख टन. ओयगार्डनच्या साठवणुकीची पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 15 लाख टन आहे. एवढा मोठा प्रकल्प वर्षभर पूर्ण क्षमतेने चालला तर जगाच्या वीस-एकवीस मिनिटांची भरपाई होते. आइसलँडमध्ये थेट हवेतून कार्बन ओढणारा ‘मॅमथ’ नावाचा प्रकल्प 2024 मध्ये सुरू झाला. त्याची आखलेली क्षमता 36,000 टन, म्हणजे अर्धं मिनिट. त्याचं कारणही सरळ आहे. सिमेंटच्या धुरात हा वायू साधारण वीस टक्के असतो आणि हवेत जेमतेम 0.04 टक्के.

हे ऐकून लोक मला कॅप्चरच्या विरोधातली समजतात. मी विरोधात नाही. क्लिंकर करताना निघणाऱ्या कार्बनपैकी साठ टक्क्यांच्या आसपास कोळशाचा नसतोच, तो चुनखडीतून सुटतो. किल्न उद्या सौरविजेवर चालवली तरी तो निघणारच. तिथे पकडण्यावाचून दुसरा इलाज नाही, म्हणून तिथे पकडा. पण चंद्रपूरच्या 2,920 मेगावॉटच्या औष्णिक केंद्राला ते यंत्र लावायचं म्हटलं, तर तयार होणाऱ्या विजेचा पाव भाग ते यंत्रच खाईल. त्यापेक्षा तेवढा कोळसा न जाळणं स्वस्त. कुठे पकडायचं आणि कुठे जाळणंच थांबवायचं, हे ज्याला कळतं तो इंजिनिअर दोन्हीकडे लागतो.

घाईचं म्हणाल तर ती खरीच आहे. हा वायू हवेत शतकानुशतकं राहतो, म्हणून आज सोडलेल्या टनाची आणि 2045 मध्ये पकडलेल्या टनाची बेरीज-वजाबाकी कागदावर जुळते, पण मधल्या वीस वर्षांचा उन्हाळा कुणीतरी भोगलेला असतो. चंद्रपूरच्या मे महिन्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार! तापमानवाढीची दीड अंशांची मर्यादा पाळायची तर 2019 च्या तुलनेत 2030 पर्यंत हरितगृह वायू 43 टक्क्यांनी घटायला हवेत, असं संयुक्त राष्ट्रांची हवामान समिती आयपीसीसी सांगते. आणि कॅप्चरची गती बघा. नॉर्वेच्या संसदेने कार्बन पकडून साठवण्याची ‘लाँगशिप’ योजना डिसेंबर 2020 मध्ये मंजूर केली, ब्रेविक सुरू व्हायला 2025 उजाडलं, तेही योजनेचा सुमारे दोन-तृतीयांश खर्च सरकारने उचलला म्हणून. ऑस्लोतल्या कचरा जाळणाऱ्या क्लेमेट्सरूडच्या प्रकल्पाचा खर्च भडकला आणि 2023 मध्ये तो थांबवावा लागला. 2025 मध्ये त्याला पुन्हा हिरवा कंदील मिळाला. हाताशी पैसा, समुद्र आणि तेल काढण्याचा अनुभव असलेल्या देशाची ही चाल आहे.

जमिनीखालचं कामही सरळ नसतं. उत्तर समुद्रातल्या स्लाइप्नर या वायूक्षेत्रात 1996 पासून वायू साठवला जातोय. नॉर्वेने 1991 मध्ये कार्बन कर लावला म्हणून ते सुरू झालं, हौस म्हणून नव्हे. उलट स्न्योव्हिट या दुसऱ्या वायूक्षेत्रात 2008 मध्ये सुरुवात झाली, थराचा दाब अपेक्षेपेक्षा वाढला आणि 2011 मध्ये दुसऱ्या थरात वायू सोडावा लागला. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या दगडात, वायू साठवण्याबद्दल तुम्ही उत्साहाने लिहिलंय. आइसलँडच्या बेसॉल्टमध्ये सोडलेल्या वायूचा 95 टक्क्यांहून जास्त भाग दोन वर्षांच्या आत दगड झाला, हे खरं आहे. पण त्या पद्धतीत टनामागे साधारण 25 टन पाणी लागतं. हे मराठवाड्यात कुणाला सांगून बघा.

इथला विरोधाभासही आधीच कळलेला बरा. रस्त्यावर जिकडेतिकडे इलेक्ट्रिक गाड्या (2024 मध्ये विकलेल्या नव्या गाड्यांपैकी दहातल्या जवळपास नऊ), वीज बहुतेक पाण्यावरची, आणि श्रीमंती तेल-वायूची. नॉर्वे जे तेल-वायू बाहेर विकतो ते जळून होणारं उत्सर्जन देशातल्या उत्सर्जनाच्या दहापट भरतं, पण ते विकत घेणाऱ्याच्या खात्यात पडतं. कॅप्चरमधल्या बऱ्याच नोकऱ्या याच तेल कंपन्यांच्या पैशावर चालतात. ‘आम्ही पकडतोय ना, मग काढत राहू’ हा सूर कँटीनमध्ये ऐकू येईल. वाद घालायची तयारी ठेवा. इथे वरिष्ठांशी वाद घातला तर कुणी रागावत नाही, ही मात्र चांगली सोय आहे.

आता व्यवहाराचं. 2023 पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठातही फी भरावी लागते, फुकट शिक्षणाचे जुने लेख वाचून बजेट करू नका. शिवाय खर्चासाठी वर्षाला दीड लाख क्रोनरपेक्षा जास्त रक्कम दाखवावी लागते. तुमचा अनुभव बघता मी मास्टर्सच्या बरोबरीने पीएचडीच्या जागाही शोधा म्हणेन. इथे पीएचडी म्हणजे पगारी नोकरी असते, फी नसते. ट्रॉन्डहाइमला एनटीएनयू विद्यापीठ आणि सिन्टेफ ही संशोधन संस्था, आमच्या पोर्सग्रुनला विद्यापीठाचा प्रोसेस टेक्नॉलॉजीचा विभाग, आणि बर्गनच्या उत्तरेला मोंगस्टाडचं कार्बन कॅप्चरचं चाचणी केंद्र, ही तीन ठिकाणं आधी बघा. मुंबईच्या आयआयटीतही कार्बन कॅप्चरचं राष्ट्रीय केंद्र आहे. घरची अडचण असेल तर तो पर्याय दुय्यम समजू नका.

भाषा निघण्याआधीच सुरू करा. वर्गात इंग्रजी चालतं, पण प्लांटवर सुरक्षेच्या सूचना नॉर्वेजियनमध्ये असतात. डिसेंबरातला अंधार थंडीपेक्षा जास्त त्रास देतो, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या आणि दुपारी उजेड असतो तेवढ्यात बाहेर पडा. जेवणाच्या सुट्टीत सगळे घरून आणलेला थंड पाव खातात. तुम्ही पोळी-भाजी गरम करायला लावली की वासाने चौकशी होणारच.

अर्जात ‘कार्बन कॅप्चरची आवड’ वगैरे लिहू नका, ते सगळेच लिहितात. किलो क्लिंकरमागे उष्णता किती होती आणि ती किती खाली आणली, फ्लाय अ‍ॅश किती वाढवली, प्रीहीटरमधून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान किती असतं, हे लिहा. हे आकडे वापरायला कंपनीची परवानगी लागेल, ती राजीनाम्याआधी घ्या. पुढच्या ऑगस्टच्या प्रवेशाचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरावे लागतात, त्यामुळे कागदपत्रं दिवाळीच्या आधी जमवा. मसुदा झाला की मला पाठवा, आकडे मी तपासून देईन.