एफ-२० टायगरशार्क हे हलकं लढाऊ विमान दोन अपघातांमुळेच बंद पडलं का?

तुम्ही विचारलंय की एफ-२० इतकं स्वस्त आणि वेगवान होतं, तर दोन अपघात झाले म्हणून प्रकल्प गुंडाळला हे खरं का. आणि दारव्ह्याकडच्या कॉलेजात बारावी सायन्सच्या सेमिनारला हाच विषय घ्यायचाय.

अपघातांमुळे नाही. दोन्ही चौकशांत विमानात बिघाड सापडला नव्हता. हा प्रकल्प बंद पडला तो गिऱ्हाईक नसल्यामुळे, आणि त्याची मुळं पहिल्या उड्डाणाच्याही आधीची आहेत. सेमिनारची मांडणी तिथूनच करा.

१९७७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी शस्त्रविक्रीला आवर घातला. केवळ निर्यातीसाठी नवं शस्त्र बनवायचं नाही, असा त्यात एक नियम होता. पण एफ-५ हे जुनं, हलकं अमेरिकी लढाऊ विमान उडवणाऱ्या मित्रदेशांना पुढे द्यायचं काय? म्हणून जानेवारी १९८० मध्ये एक अपवाद काढला: एफ-५ई (एफ-५ चीच आवृत्ती) पेक्षा सरस, पण अमेरिकेच्या स्वतःच्या एफ-१६ पेक्षा कमी, असं मधलं विमान कंपन्यांनी स्वतःच्या खर्चाने बनवावं. नॉर्थ्रॉप कंपनीने एफ-५जी नावाने काम हाती घेतलं. १९८२ च्या अखेरीस त्याचंच एफ-२० झालं. म्हणजे ज्या धोरणामुळे हे विमान जन्माला आलं, ते बदललं की त्याची गरजच संपणार होती.

तांत्रिक भाग मात्र मनापासून अभ्यासण्यासारखा आहे. एफ-५ई मध्ये जे८५ जातीची दोन इंजिनं, प्रत्येकी ५,००० पौंड थ्रस्टची (थ्रस्ट म्हणजे विमानाला पुढे ढकलणारा जोर). ती काढून जनरल इलेक्ट्रिकचं एकच एफ४०४ बसवलं, सुमारे १७,००० पौंडांचं. विहिरीवरची पाचची मोटार काढून दहाची बसवली की केबल, स्टार्टर, पाईप सगळंच बदलावं लागतं, तसंच इथे झालं. जुनी दोन इंजिनं मिळून सेकंदाला सुमारे ४८ किलो हवा ओढायची, नवं एकटं सुमारे ६४ किलो. त्यामुळे हवा आत घेणारी तोंडं बदलली आणि मागचा सांगाडा नव्याने बांधला. आडवी शेपटी मोठी केली, पंखाच्या मुळाशी पुढे निघणारा पातळ भाग रुंदावला, नाक चपटं केलं. चपट्या नाकाचं कारण दिसण्याशी संबंधित नाही. विमान तीव्र कोनात वर उचललं की गोल नाकावरून सुटणारे भोवरे डावी-उजवीकडे असमान होतात आणि नाक एका बाजूला ओढलं जातं. चपट्या नाकावर ते बरेच सारखे राहतात.

पहिलं उड्डाण ३० ऑगस्ट १९८२, अमेरिकेतल्या एडवर्ड्स हवाईतळावरून. पुढे वेग माक २ पर्यंत, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या दुप्पट गेला. एफ-५ई ची मजल माक १.६ च्या आसपास होती. लेझर जायरोवर (लेझर किरणांनी विमानाचं वळणं मोजणाऱ्या उपकरणावर) चालणारी दिशादर्शक यंत्रणा २२ सेकंदांत तयार व्हायची, त्यामुळे इशारा मिळाल्यापासून मिनिटभरात विमान हवेत, असा कंपनीचा दावा होता. जुन्या यंत्रणांना यासाठी काही मिनिटं लागायची. शत्रूचं विमान अडवायला निघताना हा फरक फार मोठा असतो.

आता गिऱ्हाईकांचं. १९८१ मध्ये रेगन राष्ट्राध्यक्ष झाले आणि निर्यातीची दारं उघडली. पाकिस्तानला ४० एफ-१६ द्यायचं ठरलं, व्हेनेझुएलालाही मिळाली. खरी एफ-१६ मिळत असताना मधलं विमान कोण घेईल? तैवानला हवं होतं, पण चीनशी संबंध बिघडू नयेत म्हणून १९८२ मध्ये अमेरिकेनेच नकार दिला. शिवाय प्रत्येक देश एकच विचारायचा: तुमचं स्वतःचं हवाईदल हे उडवतं का? उत्तर नाही असं होतं. घेणाऱ्याला पुढची पंचवीस-तीस वर्षं सुटे भाग लागतात. बनवणाऱ्या देशाच्या ताफ्यात ते विमान नसेल तर त्या भागांची खात्री कोण देणार?

अपघातांकडे या पार्श्वभूमीवर बघा. १० ऑक्टोबर १९८४ ला दक्षिण कोरियात सुवॉन इथे प्रात्यक्षिक उड्डाणात विमान पडून वैमानिक डॅरेल कॉर्नेल गेले. १४ मे १९८५ ला कॅनडात गूझ बे इथे पॅरिसच्या हवाई प्रदर्शनाचा सराव करताना दुसरं विमान पडून वैमानिक डेव्हिड बार्न्स गेले. बार्न्स यांच्या बाबतीत कारण म्हणून जी-बलामुळे आलेल्या बेशुद्धीकडे बोट दाखवलं गेलं. विमान झटकन वळलं की शरीरावर नेहमीच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो; तो पटींत मोजतात, त्या एका पटीला एक जी म्हणतात.

हे गणित सेमिनारमध्ये फळ्यावर करून दाखवा. हृदयापासून डोळ्यांपर्यंतची उंची धरा ०.३ मीटर, रक्ताची घनता १०६० किलो प्रति घनमीटर. घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची: १०६० × ९.८ × ०.३ = सुमारे ३,११६ पास्कल, म्हणजे २३ मिमी पारा. प्रत्येक जी मागे डोळ्यांशी पोचणारा दाब इतका घटतो. वरचा रक्तदाब १२० धरला तर साधारण ५ जी ला तो शून्यावर येतो. पाय-पोट दाबून धरणारा वैमानिकाचा फुगणारा पोशाख, जी-सूट, एक-दीड जी ची भर घालतो. उरलेलं पाय-पोट आवळून आणि श्वास रोखून पेलावं लागतं. भार हळूहळू वाढला तर आधी डोळ्यांपुढे करडेपणा येतो, वैमानिक सावध होतो. एकदम वाढला तर मेंदूतला चार-सहा सेकंदांचा प्राणवायू संपताच थेट शुद्ध हरपते, आणि भानावर यायला वीसेक सेकंद जातात. ताशी ७२० किमी वेगाने २० सेकंदांत विमान ४ किमी जातं. जमीन जवळ असेल तर सुटका नाही. चपळ विमानांत हा धोका असतोच. एफ-१६ मध्येही असे वैमानिक गेले आहेत.

शेवटचा घाव ३१ ऑक्टोबर १९८६ चा. अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी एफ-२० घेण्याऐवजी हवाईदलाने हाताशी असलेल्या २७० जुन्या एफ-१६ सुधारून वापरायचं ठरवलं. पुढच्याच महिन्यात नॉर्थ्रॉपने काम थांबवलं. तोवर स्वतःचे सुमारे १२० कोटी डॉलर गेले होते. तीन विमानं उडाली, चौथं अर्धवट राहिलं. माझ्या मते यात डिझाइनवाल्यांचा दोष नाही. पहिली ऑर्डर हातात नसताना एवढा पैसा ओतला, ही चूक कंपनीच्या वरच्या लोकांची.

सेमिनारमध्ये तेजसशी तुलना जरूर करा, पण एक काळजी घ्या. तेजस मार्क-१ए मध्ये याच एफ४०४ कुळातलं आयएन२० इंजिन आहे, म्हणून तेजस एफ-२० वरून घेतलं असं काही व्हिडिओंत सांगतात. ते चूक आहे. तेजसला शेपटीचे आडवे पंख नाहीत, पंख त्रिकोणी आहे आणि आराखडा आपला स्वतंत्र आहे, साम्य इंजिनापुरतंच. मोठा फरक गिऱ्हाइकाचा: तेजसची पहिली मागणी आपल्याच हवाईदलाची होती.