गिअर अडतो तेव्हा दोष कोठे शोधावा?
वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत हाताने गिअर टाकायच्या स्पोर्ट्‌स कारच्या मालकांची पत्रे अधिक आहेत, आणि त्यांतील निम्म्यांनी प्रश्न विचारण्याआधीच गिअरबॉक्स उतरवण्याचे ठरवून टाकलेले दिसते. गिअरबॉक्स उतरवणे हे शेवटचे काम आहे. त्याआधी तक्रार नेमकी केव्हा होते, म्हणजे थंड की गरम, एकाच गिअरला की सगळ्या, इंजिन चालू असताना की बंद असतानाही, एवढे जरी नीट टिपून पाठवले तरी उत्तर देणे सोपे जाते.

प्रश्न : माझी गाडी मागच्या चाकांवर चालणारी, सहा गिअरची आहे. रस्त्यावर तिची काहीच तक्रार नसते. ट्रॅकवर मात्र चार-पाच फेऱ्या झाल्या, की साडेसहा हजार आरपीएमच्या वर दुसऱ्यातून तिसरा गिअर पडत नाही. दांडा भिंतीवर आपटल्यासारखा अडतो आणि क्लचचे पेडल अर्ध्यावरच राहते. वर्कशॉपने क्लचप्लेट आणि प्रेशर प्लेट नवी बसवली, फ्लायव्हीलही (इंजिनाला जोडलेले जड चाक) लेथवर घासून घेतले, तरी फरक पडला नाही. उलट आता उभ्या गाडीत पहिला गिअरही थोडा जड जातो. गिअरबॉक्स उघडावा का?

उत्तर : उघडू नये, निदान आताच नाही. आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे शब्द ‘पेडल अर्ध्यावरच राहते’ हे आहेत, कारण गिअरबॉक्सच्या आतील दात्यांना पेडल अडकवून ठेवता येत नाही. पेडल, त्याच्या दाबाने ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर, नळी, त्या ऑइलच्या जोराने सरकणारा स्लेव्ह सिलिंडर, रिलीज बेअरिंग आणि प्रेशर प्लेटमधील डायफ्राम स्प्रिंग अशी ती साखळी असते आणि पेडल वर ढकलण्याचे मुख्य काम शेवटची कडी, म्हणजे ती स्प्रिंगच, ऑइलच्या मार्फत करीत असते. क्लच हलका लागावा म्हणून अनेक गाड्यांत पेडलच्या मुळाशी एक साहाय्यक स्प्रिंग बसवलेली असते. पेडल ठरावीक बिंदूच्या खाली गेले, की ही स्प्रिंग त्याला खालच्या दिशेने ओढते. ऑइलच्या बाजूने येणारा जोर कमी पडला, की साहाय्यक स्प्रिंग जिंकते आणि पेडल खालीच राहते.

हा जोर गरम झाल्यावरच का कमी पडतो, याचे पहिले आणि सर्वांत संभाव्य कारण म्हणजे ऑइल. क्लचमध्ये बहुधा ब्रेकचेच ऑइल असते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ श्रेणीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरले, की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. आपल्या गाडीत स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) आत, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती कड्यासारखा बसलेला असेल, तर क्लचची सगळी उष्णता त्यालाच सोसावी लागते. तेथे ऑइलला वाफ धरली, की पेडलने दिलेला दाब ती वाफ दाबण्यातच खर्च होतो आणि क्लच पूर्ण सुटत नाही. टाकीचे झाकण उघडून ऑइल काळे, गढूळ दिसते का, ते आधी पाहावे. तसे दिसले तर नुसते टाकीतील ऑइल बदलून भागणार नाही. खाली स्लेव्हपर्यंतचे सगळे जुने ऑइल काढून, नवे भरून, हवा पूर्ण काढावी लागेल. अशा गाड्यांत हवा काढण्याचा निपल हाताला लागत नाही, त्यामुळे हे काम टाळले जाते. आपल्याकडेही क्लच बदलताना ते खरोखर झाले का, हे वर्कशॉपला स्पष्ट विचारावे.

आता नव्याने उद्‌भवलेल्या तक्रारीकडे वळू. पहिला गिअर उभ्या गाडीत जड जातो, याचा अर्थ आता थंड असतानाही क्लच काठावरच सुटत आहे. फ्लायव्हील घासले, की त्याची जाडी जितकी कमी होते तितका सगळा क्लच इंजिनाच्या बाजूला सरकतो, आणि आत बसलेल्या स्लेव्हला तेवढे अंतर अधिक गाठावे लागते. शिवाय नवी प्रेशर प्लेट मूळच्यापेक्षा वेगळ्या उंचीची असू शकते. जुळणीच्या वेळी स्लेव्ह आणि डायफ्रामची बोटे यांतील अंतर मोजून, गरज असल्यास त्याखाली शिम (पातळ चकती) देण्याची पद्धत आहे. माझा कयास असा, की ते मोजलेच गेले नाही. अधिक ताकदीची प्रेशर प्लेट घातली असेल, तर मदतनीसाला पेडल दाबायला सांगून बॉनेटखालून मास्टर सिलिंडरवर नजर ठेवावी. सिलिंडर ज्या पत्र्यावर बसवलेला असतो तो पत्राच वाकताना दिसला, तर पायाचा काही प्रवास तेथेच वाया जातो.

तिसऱ्या गिअरचा यात काय दोष, असे आपण विचाराल. सात हजार आरपीएमवर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना क्लचप्लेट आणि तिला जोडलेला शाफ्ट यांचा वेग सुमारे पाच हजारांपर्यंत खाली यावा लागतो, आणि हे काम क्षणार्धात करण्याची जबाबदारी सिंक्रोनायझरच्या लहानशा रिंगवर असते. क्लच अर्धवट सुटलेला असेल, तर त्याच शाफ्टला इंजिन दुसऱ्या बाजूने फिरवत राहते. त्या झटापटीत रिंग हरते आणि दांडा अडतो. तीन हजार आरपीएमवर हा फरक लहान असल्यामुळे रस्त्यावर काही जाणवत नाही. वरील सर्व ठीक करूनही, पेडल चपळपणे वर येत असताना, केवळ तिसराच गिअर अडत राहिला, तर इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट तपासावेत, आणि मगच गिअरबॉक्स उघडण्याचा विचार करावा.

प्रश्न : माझी जुनी दोन-आसनी माझदा एमएक्स-५ आहे. सकाळी पहिला गिअर खरखर करीत पडतो. दोन-तीनदा पेडल दाबले, की अलगद पडतो. सिग्नलला क्लच दाबून गिअरमध्ये थांबलो, की काही वेळाने गाडी आपोआप पुढे सरकू पाहते. टाकीतील ऑइल कमी होत नाही. दोन मिस्त्रींनी क्लचप्लेट बदलायला सांगितले आहे.

उत्तर : दोन्ही मिस्त्रींचे म्हणणे तूर्त बाजूला ठेवावे. पेडल पुन्हापुन्हा दाबल्याने जी तक्रार जाते, ती क्लचप्लेटची नसते. झिजलेली प्लेट घसरते, अडत नाही. दाबून धरलेल्या पेडलखालचा दाब हळूहळू कमी होत आहे, एवढाच याचा अर्थ. ऑइल बाहेर सांडत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी सील झिजून ऑइल पिस्टनच्या पुढून मागे, म्हणजे परत टाकीकडे निसटत असावे. अशा वेळी टाकीची पातळी अर्थातच कमी होत नाही आणि माणूस फसतो. तरीही या गाडीचा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर बसवलेला असल्याने त्याचे रबरी टोपण उचलून आत ओल आहे का, हे पाहावे. तेथे साचलेले ऑइल थेंब होऊन खाली पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. एक सिलिंडर गेला असेल तर दुसराही त्याच वयाचा आहे, म्हणून मी दोन्ही एकदमच बदलण्याच्या मताचा आहे.

खात्रीसाठी एक साधी चाचणी सांगतो. इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावेत. ते सहज पडले, तर दांडा आणि त्याची जोडणी ठीक आहे. मग सपाट, मोकळ्या जागेत, समोर कोणी नसताना आणि ब्रेकवर पाय तयार ठेवून, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकावा आणि धरून ठेवावा. गाडी सरकू लागली, तर क्लच सुटत नाही हे सिद्ध झाले. आणि हो, त्याआधी पायाखालची मॅट काढून पाहावी. मी स्वतः एकदा अर्धा दिवस हवा काढण्यात घालवल्यानंतर पेडलखाली दुमडलेली जाड मॅट मला सापडली होती, हे येथे कबूल केलेले बरे.

प्रश्न : माझ्याकडे १९७० च्या दशकातील पोर्शे ९११ आहे. थंड असताना दुसरा गिअर ‘कर्र’ असा आवाज करतो, पंधरा-वीस मिनिटांनी बराच सुधारतो. बाकीचे गिअर बरे आहेत. सिंक्रोनायझर गेले असे समजावे का?

उत्तर : १९७२ ते १९८६ या काळात ९११ मध्ये असलेल्या ९१५ गिअरबॉक्सला घाई खपत नाही, त्याच्या मालकाला हात थोडा सैल ठेवायला शिकावेच लागते. त्यात पोर्शेची स्वतःची, फाट असलेल्या रिंगची सिंक्रोनायझर रचना आहे. १९८७ च्या मॉडेलपासून आलेल्या जी५० गिअरबॉक्समध्ये ती रचना बदलली आणि क्लचही केबलऐवजी ऑइलवर चालू लागला. आपला क्लच केबलचा असल्याने सुरुवात तेथूनच करावी. केबल सैल झाली असेल तर क्लच काठावर सुटतो आणि त्याचे खापर दुसऱ्या गिअरवर फुटते. रिव्हर्समध्ये सहसा सिंक्रोनायझर नसतो, म्हणून तो या कामी उत्तम साक्षीदार ठरतो : क्लच दाबून पाच-सहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. तरीही खरखरला, तर दोष क्लचकडे आहे. शांतपणे पडला, तर क्लच निर्दोष.

त्यानंतर दुसरा गिअर दुहेरी क्लच करून टाकून पाहावा. पहिल्यातून न्यूट्रलला आल्यावर क्लच सोडून, क्षणभर थांबून, पुन्हा दाबून दुसरा गिअर टाकला आणि आवाज आला नाही, तर वेग जुळवण्याचे जे काम रिंगने करायचे ते आपण केले, म्हणजेच रिंग झिजली आहे. खाली येताना, म्हणजे तिसऱ्यातून दुसऱ्यात, आवाज अधिक होतो का, हेही टिपून ठेवावे. थंडपणी घट्ट झालेले ऑइल शाफ्टचा वेग बदलू देत नाही, त्यामुळे गरम झाल्यावर सुधारणा होणे एवढ्यावरून रिंग बाद ठरत नाही. ऑइल मात्र उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या श्रेणीचेच भरावे. पितळी रिंगा असलेल्या ज्या गिअरबॉक्ससाठी जीएल-४ श्रेणीचे ऑइल सांगितलेले असते, त्यात ‘आकडा मोठा म्हणजे ऑइल चांगले’ असे समजून जीएल-५ ओतणारे लोक मी पाहिले आहेत. ते ऑइल दात्यांना जपते, पण रिंगेला हवे असलेले घर्षणच कमी करते आणि गिअर खरखरू लागतात.

प्रश्न : हलके, एकसंध फ्लायव्हील बसवल्यापासून न्यूट्रलमध्ये खडखड येते. क्लच दाबला की थांबते. बेअरिंग गेले का?

उत्तर : बहुधा नाही. मूळ दुहेरी फ्लायव्हील इंजिनाचे धक्के स्वतःच्या स्प्रिंगमध्ये जिरवत होते. आता ते थेट गिअरच्या दात्यांपर्यंत पोचतात. आयडलचे आरपीएम थोडे वाढवल्यावर खडखड विरली, तर ती त्या फ्लायव्हीलची किंमत समजावी. आरपीएमबरोबर घरघर वाढत गेली, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. उलट, क्लच दाबल्यावरच सुरू होणारा आवाज रिलीज बेअरिंगचा असतो.

प्रश्न : क्लचप्लेट वर्षभराचीच आहे. पेडलची दांडी ‘नीट’ बसवून घेतल्यापासून तासाभराच्या चालवण्यानंतर क्लच घसरतो आणि गाडी थांबवून ठेवली, की पुन्हा बरा होतो. प्लेट पुन्हा गेली का?

उत्तर : ती दांडी इतकी ‘नीट’ बसवली आहे, की पेडलला मोकळा प्रवास उरलेला नाही, असे दिसते. पेडल पूर्ण वर असताना मास्टर सिलिंडरमधील बारीक छिद्रातून ऑइल टाकीकडे जायला वाट असावी लागते. दांडीने पिस्टन किंचितही आत ढकलून ठेवला, की ती वाट बंद होते. गरम होऊन फुगलेल्या ऑइलला जायला जागा नसते आणि ते हळूहळू क्लचच दाबू लागते. थंड झाल्यावर दाब उतरतो, म्हणून क्लच ‘बरा’ होतो. दांडी पुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंत सैल करून घ्यावी, आणि ते आजच करावे, कारण घसरत राहिला तर चांगली प्लेट खरोखरच जळेल. नंतर मोकळ्या रस्त्यावर, वरच्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहावे. वेग न वाढता आरपीएमचा काटा उसळला नाही, तर प्लेट वाचली.

प्रश्न : सहा गिअरची शेवरोले कॉर्व्हेट घेतली आहे. पहिल्यातून दुसरा गिअर टाकायला गेलो, की कधीकधी दांडा आपोआप चौथ्यात जातो. जोराने गाडी काढली तर असे होत नाही. दांड्याची जोडणी बिघडली आहे का?

उत्तर : काही बिघडलेले नाही. १९८९ च्या सहा गिअरच्या मॉडेलपासून कंपनीने इंधनवापराच्या चाचणीत आकडा चांगला यावा म्हणून ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. इंजिन गरम असताना, ॲक्सिलरेटर हलका दाबून, ताशी २५ ते ३० किलोमीटरच्या आसपास गिअर बदलला, तर गिअरबॉक्सवरील एक सोलेनॉइड (विजेवर सरकणारी खिट्टी) दुसऱ्याची वाट बंद करून दांडा चौथ्याकडे वळवतो. त्या वेगात गिअर बदलण्याआधी पाय थोडा अधिक दाबावा, दुसरा गिअर मिळेल.