वेबपेजवरच्या यादीतली ओळ काढली की खालच्या ओळी टुणकन वर येतात. हे कसं टाळायचं?

ओळ हळूच फेड होते, इथवर तुमचं जमलंय. पण ती गेली की खालचं सगळं एकदम वर उडतं, आणि हाइटला ट्रान्झिशन (सीएसएसमधला हळूहळू होणारा बदल) लावूनही काही होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. (ठाण्याहून वाशीला जाताना गाडीतून मराठी कीबोर्डवर लिहितोय. कोडचे शब्दही देवनागरीत आलेत, सांभाळून घ्या.)

ओपॅसिटी (अपारदर्शकता) शून्य केली की ओळ दिसत नाही, पण तिने अडवलेली जागा तशीच राहते. ती सुटते डिस्प्ले नन झाल्यावर, म्हणजे ओळ मांडणीतूनच गेल्यावर, तीही एका फटक्यात. आणि तुमची हाइट ऑटो, म्हणजे मजकुराएवढी, आहे. ऑटो हा आकडाच नव्हे, त्यामुळे ऑटो ते शून्य यांच्यामधले टप्पे ब्राउझर काढत नाही.

बरेच जण मॅक्स-हाइट १००० पिक्सेल देऊन ती शून्यावर आणायला सांगतील. नका ऐकू. ओळ असते ६० पिक्सेलची. ३०० मिलिसेकंदांचं लिनिअर (एकसारख्या वेगाचं) ट्रान्झिशन धरलं तर पहिले २८२ मिलिसेकंद १००० वरून ६० वर यायलाच जातात, तोवर पडद्यावर काहीच हलत नाही. मग उरलेल्या १८ मध्ये ओळ खाडकन मिटते.

त्यापेक्षा ग्रिड (सीएसएसची रकान्यांची मांडणी) वापरा. ओळीला बाहेरून एक डिव्ह (साधा डबा) द्या, त्याला डिस्प्ले ग्रिड, आणि ग्रिड-टेम्प्लेट-रोज १एफआर वरून ०एफआर वर न्या (एफआर म्हणजे मोकळ्या जागेचा वाटा). आतल्या डिव्हला ओव्हरफ्लो हिडन (डब्याबाहेर जाणारं झाकणं) हवंच. हे क्रोममध्ये १०७ पासून, म्हणजे २०२२ पासून चालतं. पॅडिंग (कडेच्या आतली मोकळी जागा) त्या आतल्या डिव्हला देऊ नका, आणखी एक पातळी आत द्या. नाहीतर सगळं मिटल्यावरही पॅडिंगएवढी पट्टी उरते. ओळींमध्ये गॅप दिला असेल तर एलिमेंट काढताना तेवढा शेवटचा धक्का बसतोच. गॅपऐवजी बाहेरच्या डिव्हला मार्जिन (कडेबाहेरची मोकळी जागा) द्या आणि तोही सोबत शून्यावर आणा. क्रोम १२९ पासून इंटरपोलेट-साइझ आलंय, त्याने ऑटो हाइटही हलते, पण गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर कुठला ब्राउझर असेल याचा भरवसा नाही.

वेळेचं माझं गणित: ओपॅसिटीला १५० मिलिसेकंद; मिटणं १०० नंतर सुरू, त्याला २००.

आता जे कुणी सांगत नाही ते. वाशीच्या फळ मार्केटात ओळखीच्या एका गाळ्यासाठी मी आंब्याच्या ऑर्डरींची यादी करून दिली होती. पेट्या गाडीत चढल्या की ‘गेली’ दाबायचं, ओळ मिटते. तिथल्या मेहताजींना प्रत्येक बटण दोनदा दाबायची सवय. पहिल्या टिचकीला ओळ मिटली, खालची ओळ बरोब्बर बोटाखाली आली, दुसरी टिचकी तिच्यावर. ४० पेट्या गाळ्यावरच, आणि यादीत ‘गेली’! फोन आला तेव्हा मी ‘नीट बघून दाबा’ म्हणालो, याची आजही लाज वाटते. चूक माझी होती. तेव्हापासून मिटणं संपेपर्यंत मी पॉइंटर-इव्हेंट्स नन करतो, म्हणजे टिचक्या लागूच देत नाही, आणि तेही त्या एका ओळीला नाही, सबंध यादीला.

मिटणं संपलं हे ट्रान्झिशनएंड हा ब्राउझरचा इव्हेंट सांगतो, पण तो प्रत्येक प्रॉपर्टीसाठी वेगळा येतो. ओपॅसिटीचा आधी येईल, त्यावर ओळ काढलीत की पुन्हा तीच उडी. प्रॉपर्टीचं नाव तपासा. शिवाय ट्रान्झिशन मध्येच रद्द झालं तर तो येतच नाही आणि यादी गोठून बसते, म्हणून ४०० मिलिसेकंदांचा सेटटाइमआउट (टायमर) जोडीला ठेवा. ज्यांनी मोबाईलमध्ये हालचाल कमी करायची सेटिंग लावली आहे, त्यांच्यासाठी ओळ सरळ काढून टाका. मात्र यादी अर्धा सेकंद बंद ठेवाच.

पान जुनं आणि जेक्वेरीवर (एका जावास्क्रिप्ट लायब्ररीवर) असेल तर यातलं फारसं काही नको. फेडआउट मात्र वापरू नका, तो शेवटी स्वतःच डिस्प्ले नन करतो आणि त्यापुढचा स्लाइडअप फुकट जातो. फेडटू शून्यावर, मग स्लाइडअप, मग रिमूव्ह. स्लाइडअप मार्जिन-पॅडिंगही मिटवतो.

तुमची यादी टेबलात असेल तर टीआरला (टेबलाच्या ओळीला) हे मिटवणं लागू पडत नाही. प्रत्येक टीडीच्या (खान्याच्या) आत हे डिव्ह घाला आणि टीडीचं पॅडिंग काढा. मी असतो तर टेबलच काढलं असतं.