दहापैकी किती गुण द्यायचे ते नंतर बघा

वसतिगृहाच्या साफसफाईच्या ठेकेदाराला मुदतवाढ द्यायची आहे, वरून मूल्यमापनाचा तक्ता आलाय, मुलींच्या तोंडी तक्रारी रोजच्या आहेत आणि किती गुण द्यावेत कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात गोळा आला. मी सरकारी रुग्णालयात कार्यालय अधीक्षक असताना हेच भोगलंय.

तक्ता बाजूला ठेवा. आजवरच्या बिलांवर तुम्ही काय लिहून सही केलीय, ते आधी काढून बघा.

मी दर महिन्याला "काम समाधानकारक आहे" या ओळीखाली सही करत होतो. मजकूर आधीच टाइप केलेला असायचा. तो दाखला नसला की लेखा शाखा बिल परत करायची आणि बिल अडलं की बिचाऱ्या सफाईच्या बायकांचा पगार अडायचा. करारात माणसं ४०, येत होती २८-३०. सुपरवायझरला बोलावून झापायचो, तो "हो साहेब" म्हणून जायचा. सगळा कारभार तोंडी. शेवटी वैतागून ठेका रद्द करण्याची नोटीस काढली, तर ठेकेदाराने उत्तरासोबत माझ्याच सहीचे ११ दाखले जोडले. काय बोलणार?

वरच्या कार्यालयाला मार्गदर्शनासाठी ४ पत्रं लिहिली. उत्तर एकच आलं, "नियमानुसार उचित कार्यवाही करावी." पुढे लेखापरीक्षणात गैरहजर माणसांच्या पैशांचा आक्षेप निघाला, तो मात्र बरोब्बर माझ्या नावावर. निवृत्त होताना त्याच्यापायी काय हेलपाटे घातले ते सांगत बसलो तर रात्र होईल.

म्हणून माझं मत (पटलं तर घ्या): गुणांचा तक्ता ही फाइलची शोभा. बिलातून केलेली कपात हेच खरं मूल्यमापन. गैरहजर दिवसांचे पैसे कापा, करारात दंडाचं कलम असेल तर ५०० रुपये का होईना, लावा आणि जावक क्रमांक टाकून ठेकेदाराला कळवा. बायोमेट्रिक आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आमचं मशीन नेमकं जोडून सुट्ट्या आल्या की बंद पडायचं.

पीएफचं चलन हे आणखी एक सोंग. ठेकेदार त्याच्या सगळ्या ठिकाणच्या माणसांचं मिळून एक चलन लावतो. रक्कम मोठी दिसते, आपण मान डोलावतो. त्यासोबतची ईसीआरची यादी (कोणाच्या नावावर किती पीएफ भरला ती) मागा, त्यातले यूएएन, म्हणजे प्रत्येकाचे पीएफ खाते क्रमांक, आपल्या हजेरीपटाशी ताडून बघा. सफाईच्या दोघी-तिघींना सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडायला सांगा, पाच मिनिटांत कळतं. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ मालक म्हणून आपल्या कार्यालयावर येते. माझ्या वेळी ते १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ मध्ये होतं. आता नव्या श्रम संहिता आल्यात, तेव्हा कलमांचे आकडे माझ्याकडून न घेता विधी सल्लागाराकडून घ्या.

"काळ्या यादीत टाका" म्हणणारे खूप भेटतील. गोरखा सिक्युरिटी सर्व्हिसेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलंय, की काळ्या यादीत टाकायचा विचार आहे हे कारणे दाखवा नोटिशीतूनच स्पष्ट व्हायला हवं. नुसती कराराच्या अटी मोडल्याची नोटीस देऊन थेट तो आदेश काढलात तर कोर्टात टिकणं कठीण.

आणि पीडा टळावी म्हणून गोडगोड अनुभव दाखला तर मुळीच देऊ नका. मी दिला. तोच जोडून ठेकेदाराने शेजारच्या जिल्ह्यात काम मिळवलं आणि तिथल्या कार्यालयातल्या बाईंचा मला फोन, "साहेब, तुमच्याकडे हे लोक खरंच येत होते का हो?" कामाचा कालावधी, रक्कम, लावलेला दंड, एवढंच लिहा. विशेषणं नकोत.

तुमच्या प्रश्नाबद्दल: जुने दाखले "समाधानकारक" असतील तर आता एकदम २ गुण देऊ नका, तुम्हीच अडकाल. करारात तरतूद असली तर ३ महिन्यांचीच मुदतवाढ मागा, त्याच टिपणीत नव्या निविदेचा प्रस्ताव ठेवा. या महिन्याचं बिल टेबलावरच असेल तर तो टाइप केलेला दाखला काढून टाका आणि हजर माणसांचा आकडा स्वतःच्या हाताने लिहा.